आज्ञा आणि वचन : स्वयंचलित पंचासमोरील एका पटखेळाचा भाषाव्यवहार

मराठीत ‘शब्द’ ह्या पदाचे दोन अर्थ रूढ आहेत. सार्थ वर्णसमूह तो शब्द; आणि ‘शब्द दिला’, ‘शब्द फिरवला’, ‘शब्दाला जागला’ ह्या प्रयोगांत जे दिले, फिरवले वा पाळले जाते, तोही शब्दच. ‘वचन’ ह्या पदाची गती हीच आहे. मराठेशाहीच्या कागदपत्रांत पदोपदी भेटणारा ‘कौल’ हा मुळात ‘उक्ती’ एवढाच अर्थ असलेला अरबी शब्द. परंतु मराठीत तो अभयाचा आणि हमीचा वाचक झाला. बोलणे आणि बोलण्याने बांधले जाणे ह्या दोन क्रियांचे सख्य भाषेने अशा रीतीने आपल्या कोशातच नोंदवून ठेवले आहे.

मात्र बोलण्याने माणूस नेमका कशामुळे बांधला जातो, हा प्रश्न कोश सोडवीत नाही. शिक्षेच्या भयामुळे? साक्षीदार असल्यामुळे? की बोलणे ह्या क्रियेच्या अंगभूत स्वरूपामुळे? नित्याच्या व्यवहारात ही तिन्ही कारणे एकमेकांत इतकी गुंतलेली असतात की, त्यांतील एक बाजूला काढून तपासणे जवळजवळ अशक्य होते. प्रस्तुत लेखात अशा एका पटखेळाचा विचार करावयाचा आहे की, ज्यात ही कारणे पुष्कळ अंशी सुटी झालेली दिसतात. खेळाचे नाव ‘डिप्लोमसी’. आणि त्याचे जे रूप येथे विचारात घेतले आहे ते ईमेलद्वारे, एका स्वयंचलित पंचाच्या देखरेखीखाली खेळले जाणारे रूप होय. खेळाचे कौशल्य सांगणे हा लेखाचा हेतू नसून, त्यातील भाषाव्यवहाराची रचना उलगडून दाखवणे एवढाच आहे.

१. खेळाची रचना

हा खेळ हार्वर्ड विद्यापीठात शिकलेल्या ॲलन कॅलहॅमर ह्या अमेरिकन गृहस्थाने १९५४ साली सिद्ध केला आणि १९५९ साली त्याचे ५०० संच स्वतःच्या खर्चाने काढले. पहिल्या महायुद्धाच्या कारणांवरील सिडनी फे ह्या इतिहासकाराच्या ग्रंथाचा त्याच्या कल्पनेवर प्रभाव होता. पटावर १९०१ सालचा युरोप असतो. इंग्लंड, फ्रान्स, जर्मनी, इटली, ऑस्ट्रिया-हंगेरी, रशिया आणि तुर्कस्तान अशा सात सत्ता सात खेळाडूंकडे असतात. पटाचे ७५ विभाग असून त्यांतील १९ समुद्राचे आहेत. जमिनीवरील ३४ विभागांत रसदकेंद्रे आहेत. जितकी केंद्रे ताब्यात, तितक्याच सेना व आरमारे बाळगता येतात. १८ केंद्रे मिळवणारी सत्ता विजयी होते.

ह्या खेळाची तीन वैशिष्ट्ये आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची आहेत. पहिले, यात फासे नाहीत. आरंभी कोणाकडे कोणती सत्ता जावी एवढेच दैवाधीन असते. दुसरे, प्रत्येक सेनेचे बळ सारखेच आहे. त्यामुळे एकट्याने केलेला हल्ला बहुधा निष्फळ होतो आणि दुसऱ्या सेनेच्या पाठिंब्यावाचून पुढे सरकता येत नाही. हा पाठिंबा परक्या सत्तेकडूनही मिळू शकतो, किंबहुना बहुतेक वेळा तो तसाच मिळवावा लागतो. तिसरे, सर्व खेळाडू आपल्या आज्ञा गुप्तपणे लिहून देतात आणि त्या सर्व एकाच क्षणी उघडल्या जातात. बुद्धिबळात प्रतिपक्षाची खेळी पाहून आपण आपली खेळी करतो. येथे तशी सोय नाही. दुसरा काय करणार हे त्याच्या बोलण्यावरूनच ताडावे लागते. म्हणून प्रत्येक फेरीपूर्वी वाटाघाटींसाठी वेळ ठेवलेला असतो. त्या वेळात कोणी कोणाशीही, काहीही बोलावे. दिलेला शब्द पाळलाच पाहिजे असे नियम सांगत नाहीत. तो मोडल्यास दंडही नाही.

सबंध लेखात उपयोगी पडेल असे एक उदाहरण येथेच घेऊ. खेळाच्या आरंभी रशियाचे एक आरमार सेवास्टोपोल येथे आणि तुर्कस्तानचे एक अंकारा येथे असते. दोहोंच्या मध्ये काळा समुद्र आहे. तो ज्याच्या हाती जाईल त्याचा दुसऱ्यास धाक राहतो. म्हणून पुष्कळदा हे दोन खेळाडू आपसांत असे ठरवतात की, दोघांनीही आपले आरमार काळ्या समुद्रात जाण्यासाठी हुकूम द्यावा. बळ समान असल्यामुळे दोन्ही आरमारे एकमेकांस अडवतात, आपापल्या बंदरीच राहतात, आणि समुद्र रिकामा राहतो. दोघांनाही हेच हवे असते. परंतु दोघांपैकी एकाने ऐन वेळी वेगळा हुकूम दिला, तर दुसरा समुद्रात जाऊन पोहोचतो. ठरावाचा सारा भार एका शब्दावर असतो.

२. टपाल, ईमेल आणि पंच

सात माणसांना एकत्र बसवून पाच-सहा तास खेळवणे सोपे नव्हे. म्हणून १९६३ साली न्यू यॉर्कच्या जॉन बोर्डमन ह्यांनी हा खेळ टपालाने खेळवण्यास आरंभ केला. त्यांच्या ‘ग्राउस्टार्क’ ह्या छोट्या नियतकालिकातून डावांचे निकाल प्रसिद्ध होत. खेळाडू परस्परांना पत्रे लिहून वाटाघाटी करीत, ठरलेल्या तारखेपर्यंत आज्ञा पंचाकडे धाडीत, आणि पंच त्या हाताने ताडून निकाल छापून कळवी. टपालाने चालणाऱ्या डावांना दिले जाणारे नोंदणीक्रमांक पुढे बोर्डमन ह्यांच्याच नावाने ओळखले जाऊ लागले. पंच हा येथे माणूस होता. आज्ञेतील लेखनदोष तो पोटात घालू शके. ‘ह्यांना असेच म्हणावयाचे असणार’ असा तर्क करू शके. आणि कधी त्या तर्कावरून तंटाही होई.

१९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात केन लो ह्यांनी अमेरिकेत एक संगणक-आज्ञावली तयार केली आणि तिला ‘जज’, म्हणजे पंच किंवा न्यायाधीश, असेच नाव पडले. पुढे अनेक ठिकाणच्या संगणकांवर तिच्या प्रती चालू झाल्या. खेळाडूने ह्या पंचाच्या पत्त्यावर ईमेल पाठवावयाचा, आरंभी सत्तेचे आद्याक्षर, डावाचे नाव आणि आपला संकेतशब्द लिहून ओळख पटवावयाची, आणि खाली आज्ञा लिहावयाच्या. पंच त्या वाचतो, स्वीकारल्या की नाकारल्या हे तत्काळ उत्तराने कळवतो, मुदत संपल्यावर सर्वांच्या आज्ञा एकत्र ताडतो, आणि निकाल सातही जणांस धाडतो. मुदतीपर्यंत आज्ञा कितीही वेळा बदलता येतात. पुढे संकेतस्थळांवर चालणाऱ्या पंचांनी ह्या पद्धतीची जागा बरीचशी घेतली. तथापि भाषेच्या अभ्यासकाला ईमेलचा पंच अधिक उद्बोधक आहे. त्याचे कारण असे की, येथे सारा व्यवहार लिखित मजकुरानेच होतो, आणि तो मजकूर दोन विभागांत स्पष्टपणे तोडलेला असतो.

हा तोड कसा पडतो ते पाहू. खेळाडूला दुसऱ्या खेळाडूस निरोप पाठवावयाचा असेल, तर तो पंचामार्फत पाठवता येतो. त्यासाठी ‘प्रेस’ ह्या शब्दाने आरंभ करून ज्याला निरोप द्यावयाचा त्या सत्तेचे नाव लिहावयाचे, मग निरोप लिहावयाचा, आणि ‘एन्ड-प्रेस’ ह्या अर्थाच्या संज्ञेने तो बंद करावयाचा. ह्या दोन खुणांच्या आत काहीही लिहावे, कोणत्याही भाषेत लिहावे. पंच ते समजून घेत नाही, जसेच्या तसे पुढे धाडतो. ह्या खुणांच्या बाहेर मात्र त्याला ठाऊक असलेली आज्ञाच लिहिली पाहिजे. तेथे लिहिलेले साधे अभिवादनही त्याच्या लेखी न कळलेली ओळ ठरते. एकाच पत्रात अशा प्रकारे दोन भाषा नांदतात. एक पंचाला कळते, परंतु तीत मनुष्य काही सांगू शकत नाही. दुसरीत मनुष्य सर्व काही सांगू शकतो, पण ती पंचाला कळत नाही.

३. आज्ञांची भाषा

पंचाची भाषा अत्यल्पाक्षरी आहे. सेना व आरमार ह्यांच्यासाठी एकेक अक्षर, विभागांसाठी सामान्यतः तीन अक्षरी संक्षेप, आणि चार मुख्य क्रिया : ठाण मांडणे, सरकणे, पाठिंबा देणे, आणि सेनेला समुद्रपार नेणे. ‘ए पार – बुर’ म्हणजे पॅरिस येथील सेनेने बर्गंडीत जावे. यात काळ नाही, पुरुष नाही, वचन नाही, आदरार्थ नाही. कर्ता सत्तेच्या नावावरून गृहीत आहे आणि अर्थ नेहमीच आज्ञार्थाचा आहे.

पाठिंब्याची आज्ञा रचनेच्या दृष्टीने सर्वांत लक्षणीय होय. ‘म्यूनिकच्या सेनेने, पॅरिसची सेना बर्गंडीत जाते त्यास, पाठिंबा द्यावा’ अशा आज्ञेत एक संपूर्ण वाक्य दुसऱ्या वाक्याच्या पोटात येते; आणि हे पोटवाक्य पुष्कळदा परक्याच्या कृतीविषयीचे असते. पॅरिसची सेना प्रत्यक्षात बर्गंडीत न जाता अन्यत्र गेली, तर म्यूनिकचा पाठिंबा फुकट जातो. म्हणजे पाठिंबा ही दुसऱ्याच्या शब्दावर ठेवलेल्या विश्वासाची लेखी नोंदच असते. विश्वास सार्थ ठरला की नाही हे पंच जाणत नाही. दोन आज्ञांतील पदे जुळतात की नाहीत एवढेच तो पाहतो.

येथे जे. एल. ऑस्टिन ह्या तत्त्वज्ञाचे विवेचन साहाय्यक होते. १९५५ साली हार्वर्ड येथेच त्यांनी दिलेली व्याख्याने १९६२ साली, त्यांच्या निधनानंतर, ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. काही वाक्ये वस्तुस्थितीचे वर्णन करीत नसून ती उच्चारणे हीच एक कृती असते, हा त्यांचा मूळ मुद्दा अभ्यासकांना परिचित आहे. अशा कृतींत दोन प्रकारचे दोष संभवतात, असे त्यांनी दाखवले. एक, कृती घडतच नाही. अधिकार नसलेल्या माणसाने लावलेल्या लग्नाप्रमाणे ती मुळातच निष्फळ होते. दुसरा, कृती घडते पण ती पोकळ असते. पाळण्याचा हेतू नसताना दिलेले वचन हे वचनच असते, परंतु तो वचनाचा दुरुपयोग असतो.

ह्या भेदाच्या उजेडात पंचाची भाषा पाहिली असता तिचे मर्म ध्यानात येते. तीत पहिला दोष संभवतो, दुसरा संभवतच नाही. संक्षेप चुकला, न लागून असलेल्या विभागात जाण्यास सांगितले, तर आज्ञा निष्फळ होते. परंतु खोटी आज्ञा ही वस्तूच अस्तित्वात नाही. काळ्या समुद्राच्या उदाहरणात दोन्ही खेळाडू ‘समुद्रात जा’ असा हुकूम देतात, आणि दोघांचीही इच्छा न जाण्याची असते. तरीही त्या आज्ञा अप्रामाणिक ठरत नाहीत. पंच हेतू विचारीतच नाही. वेदातील विधिवाक्याला वक्ता नसल्यामुळे तेथे वक्त्याच्या अभिप्रायाचा प्रश्न उद्भवत नाही, अशी मीमांसकांची भूमिका आहे. दोन्ही प्रकरणे अर्थातच अगदी निराळी आहेत. तथापि वक्त्याचे मन वगळूनही आज्ञेला सामर्थ्य असू शकते ही कल्पना आपल्या शास्त्रपरंपरेला नवी नाही, एवढे नमूद करावेसे वाटते.

४. पंचाचे पेच

हेतू वगळला म्हणजे सर्व काही यंत्रवत् निर्णय करता येईल, असे प्रथमदर्शनी वाटते. वस्तुतः तसे नाही. ह्या अल्पाक्षरी भाषेतही स्वतःकडेच वळणारी वाक्यसमूहाची रचना उद्भवते आणि तेव्हा निर्णय अडतो.

नियम असा आहे की, पाठिंबा देणाऱ्या सेनेवर कोणी हल्ला केला तर तिचा पाठिंबा तुटतो. हल्ला यशस्वी व्हावाच लागतो असे नाही. आता समजा, फ्रान्सची सेना ब्रेस्टहून लंडनवर चालून जाते आणि इंग्लिश खाडीतील फ्रेंच आरमार तिला वाहून नेते. उलटपक्षी, वेल्समधील इंग्रजी आरमार त्या खाडीवर हल्ला करते आणि लंडनचे आरमार त्याला पाठिंबा देते. फ्रेंच सेना लंडनला पोहोचली असे धरले, तर लंडनचा पाठिंबा तुटतो, खाडीतील फ्रेंच आरमार टिकते, आणि म्हणून सेना पोहोचते. ती पोहोचली नाही असे धरले, तर पाठिंबा कायम राहतो, फ्रेंच आरमार हुसकावले जाते, आणि म्हणून सेना पोहोचत नाही. दोन्ही उत्तरे आपल्यापुरती सुसंगत आहेत. ‘हे वाक्य खरे आहे’ ह्या वाक्याची जी स्थिती, तीच ही.

ह्यात थोडी भर घातली की दुसरा पेच तयार होतो. तो पॅन्डिनचा विरोधाभास म्हणून ओळखला जातो. बेल्जियममधून एक जर्मन आरमारही त्याच खाडीवर हल्ला करते आणि उत्तर समुद्रातील जर्मन आरमार त्याला पाठिंबा देते, असे समजा. आता फ्रेंच सेना पोहोचली असे धरले, तर लंडनचा पाठिंबा तुटतो. जर्मनांचे बळ दोन आणि इंग्रजांचे एक उरते. जर्मन आरमार खाडीत शिरते, फ्रेंच आरमार हुसकावले जाते, म्हणजे सेना पोहोचत नाही. पोहोचली नाही असे धरले, तर लंडनचा पाठिंबा कायम. इंग्रज व जर्मन दोघांचे बळ दोन. दोघे एकमेकांस अडवतात, फ्रेंच आरमार जागेवर राहते, म्हणजे सेना पोहोचते. येथे एकही उत्तर सुसंगत नाही. ‘हे वाक्य खोटे आहे’ ह्या प्रसिद्ध वाक्याचे हे युद्धभूमीवरील भावंड म्हणावयास हरकत नाही.

पहिल्या पेचासाठी खेळाच्या नियमांतच तोड आहे : जे आरमार सेनेला वाहून नेत आहे त्याच्यावरील हल्ल्याला मिळणारा पाठिंबा त्या सेनेला तोडता येत नाही. दुसऱ्यासाठी अनेक उपाय सुचवले गेले. त्यांपैकी सायमन शिकमन ह्यांच्या नावाने ओळखला जाणारा उपाय पुष्कळ पंचांनी स्वीकारला. पेच उद्भवल्यास समुद्रपार जाणारी सेना हललीच नाही असे समजावे, इतकाच तो आहे. अभ्यासकाने ध्यानात घ्यावे ते असे की, हा उपाय आज्ञांच्या अर्थातून निघत नाही. तो बाहेरून केलेला ठराव आहे. पूर्ण नियमबद्ध भाषेलाही कोठेतरी माणसांच्या संमतीचा टेकू लागतो.

५. वचनांची भाषा

आता त्या दोन खुणांच्या आतील मजकुराकडे वळू. येथे पंच केवळ हरकारा असतो. मात्र निरोपाला तो एक गोष्ट जोडतो : पाठवणाऱ्या सत्तेचे नाव. नावानिशी पोहोचणाऱ्या निरोपास खेळाडू ‘पांढरा’ म्हणतात. काही डावांत नाव झाकून निरोप पाठवण्याची मुभा असते. त्याला ‘करडा’ म्हणतात. कोण बोलले ह्याची ग्वाही पंच देतो. जे बोलले ते खरे की खोटे ह्याची देत नाही. शिवाय एका खेळाडूने दुसऱ्याचे पत्र तिसऱ्याला उतरवून धाडले, तर त्या उताऱ्याला पंचाची ग्वाही नसते. मजकूर फिरवून धाडणे सहज शक्य असते. म्हणून ‘त्याने मला असे लिहिले आहे’ हे विधान ह्या खेळात पुरावा होत नाही. तेही एक म्हणणेच राहते.

काही डावांत निरोपांना पूर्ण मज्जाव असतो. अशा मौनाच्या डावांत एक चमत्कारिक गोष्ट घडते. बोलणे बंद झाल्यावर खेळाडू आज्ञांनाच बोलावयास लावतात. कोणी न मागता शेजाऱ्याच्या सेनेला पाठिंबा देतो. त्या पाठिंब्याचा युद्धात उपयोग शून्य असतो, परंतु ‘मी तुझा शत्रू नाही’ हा अर्थ त्यातून पोहोचतो. जी भाषा मुद्दाम अभिप्रायरहित केली होती, तीत मनुष्याने पुन्हा अभिप्राय भरला, असेच म्हणावे लागते.

ह्या पंचाची आणखी एक तऱ्हा आपल्या मूळ प्रश्नाशी थेट निगडित आहे. वेळेवर आज्ञा पाठवणाऱ्या खेळाडूच्या नावावर तो गुण जमा करी, आणि उशीर करणाऱ्याचे वा डाव अर्धवट सोडून जाणाऱ्याचे गुण कापी. ह्या गुणसंख्येला निष्ठा अशा अर्थाचे नाव होते. यंत्राला मोजता येणारी निष्ठा ती एवढीच. मित्राला दिलेला शब्द मोडून त्याचे राज्य घेणारा खेळाडू वेळेवर मोडत असेल, तर पंचाच्या वहीत तो निष्ठावंतच राहतो. समयपालनाचे बंधन पंचाने आपल्या हाती घेतले. सत्यपालनाचे त्याने घेतले नाही, आणि त्याला ते घेताही आले नसते, कारण ज्या भाषेत वचने दिली जातात ती भाषा त्याला येत नव्हती.

म्हणजे आपल्याला हवी ती परिस्थिती येथे सिद्ध झाली आहे. शिक्षा नाही. वचनाचा साक्षीदार आहे, पण तो बधिर आहे. उरते ती तिसरी शक्यता : बोलण्याचे अंगभूत स्वरूप. तेवढ्याने वचन टिकते काय?

६. पुराव्याची साक्ष

ह्या प्रश्नाविषयी अलीकडे प्रत्यक्ष सामग्री उपलब्ध झाली आहे. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात खेळाडूंना प्रत्येक निरोप पाठवताना तो खरा आहे की फसवा हे नोंदवण्यास सांगितले होते, आणि वाचणाऱ्यानेही आपल्याला तो कसा वाटला हे नोंदवावयाचे होते. अशा १७,२८९ निरोपांत, पाठवणाऱ्यांनीच फसवे म्हणून नोंदवलेले निरोप शेकडा पाचांच्या आसपास भरले. फसवणूक मुक्त आहे, दंड नाही, लाभ उघड आहे. तरीही बोलण्याचा फार मोठा भाग खराच असतो.

ह्याचा अर्थ खेळाडू सज्जन असतात असा करण्याचे कारण नाही. अर्थ असा दिसतो की, खोटे हे खऱ्याच्या भांडवलावर चालते. निरोपांपैकी निम्मे फसवे असते, तर कोणी कोणाचा निरोप वाचलाच नसता, आणि मग फसवणेही अशक्य झाले असते. ज्याला शरद ऋतूत शब्द मोडावयाचा आहे, त्याला वसंतात तो पाळावा लागतो. खोट्या नाण्याला किंमत येते ती खरी नाणी चलनात असतात म्हणून.

त्यापूर्वी, २०१५ साली, दुसऱ्या एका संशोधनात विश्वासघाताची चाहूल भाषेतून लागते काय हे तपासले गेले. टिकलेल्या मैत्रीत दोन्ही बाजूंच्या बोलण्यात एक तोल आढळला. घातापूर्वी मात्र सौजन्य, आपुलकीचे शब्द, किंवा पुढील बेतांविषयीचे बोलणे ह्यांपैकी एखाद्या अंगात तो तोल एकाएकी ढळलेला दिसला. परंतु ह्या खुणांवरून घात ओळखण्यात संगणकाला आलेले यश शेकडा ५७ इतकेच होते; नुसत्या नाणेफेकीने ५० येते. भाषेत घाताची खूण उमटते खरी, पण फार पुसट. हा निष्कर्ष नकारात्मक मानू नये. वचनाची भाषा आणि फसव्या वचनाची भाषा बाह्यतः जवळजवळ एकच असते, हे ऑस्टिन ह्यांच्या विवेचनातून निघणारे अनुमानच त्याने सामग्रीच्या आधारे पुष्ट केले. दुरुपयोग झालेले वचनही वचनच असते.

७. यंत्र बोलू लागते तेव्हा

येथवर यंत्र पंचाच्या आसनावर होते. ते खेळाडूच्या आसनावर आले की प्रश्नाला वेगळे वळण लागते. २००२ पासून काही हौशी अभ्यासकांनी यंत्र-खेळाडूंसाठी एक कृत्रिम वाटाघाट-भाषा रचली. तीत ‘प्रस्ताव’, ‘होकार’, ‘नकार’, ‘तह’ अशा अर्थांचे तीन अक्षरी संकेत कंसांत गुंफलेले असत. आज्ञांच्या भाषेचे वळण वचनांना देण्याचा तो प्रयत्न होता. माणसांशी बोलण्यास मात्र तो अपुरा पडला.

२०२२ च्या नोव्हेंबरात ‘मेटा’ ह्या कंपनीच्या संशोधकांनी ‘सिसेरो’ ह्या यंत्र-खेळाडूची माहिती ‘सायन्स’ ह्या नियतकालिकात प्रसिद्ध केली. सुमारे ४० हजार डावांतील १ कोटी २९ लाख निरोपांवर ते घडवले होते. माणसांबरोबरच्या ४० डावांत ते सर्वसामान्य इंग्रजीत वाटाघाटी करीत खेळले आणि एकाहून अधिक डाव खेळलेल्यांत त्याचा क्रम पहिल्या दहा टक्क्यांत लागला. निरोप लिहिण्यापूर्वी ते आपल्या व समोरच्याच्या संभाव्य आज्ञा ठरवी आणि निरोप त्या आज्ञांशी जुळता ठेवी. ते बहुतांशी प्रामाणिक राहावे अशी त्याच्या कर्त्यांची योजना होती. परंतु २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या एका समीक्षणात, त्याने काही डावांत दिलेली वचने पुढे मोडल्याचे दाखवून ह्या प्रामाणिकपणावर आक्षेप घेतला गेला.

ह्या वादात भाषाशास्त्रज्ञाला सांगण्यासारखे काही आहे. सिसेरोचे वाक्य त्या क्षणीच्या बेताशी जुळत असे. पण बेत बदलला की जुने वाक्य त्याला अडवीत नसे. बेत सांगणे आणि वचन देणे ह्यांतील अंतर नेमके हेच आहे. ‘मी उद्या येणार आहे’ हे बेताचे निवेदन; बेत बदलला तर ते चुकीचे ठरते, मोडले जात नाही. ‘मी उद्या येतो, शब्द देतो’ हे वचन. बेत बदलला तरी ते उरते, किंबहुना बेत बदलल्यानंतरच त्याची कसोटी लागते. मनुष्य खेळाडू शब्द मोडतो तेव्हा आपण काही मोडले हे त्याला ठाऊक असते. म्हणूनच तो पुढील पत्रात सबबी सांगतो, क्षमा मागतो, किंवा दोष दुसऱ्यावर ढकलतो. ह्या सबबी हाच वचनाच्या अस्तित्वाचा पुरावा होय. जे बांधलेले नव्हते त्याच्या सुटण्याबद्दल कोणी खुलासा करीत नाही.

८. उपसंहार

वरील विवेचनातून तीन गोष्टी निष्पन्न होतात. आज्ञेची भाषा वक्त्याचा हेतू पूर्णपणे वगळून चालू शकते. तीत खोटेपणाला जागा नसते, परंतु म्हणूनच तीत खरेपणालाही जागा नसते. वचनाची भाषा शिक्षेवाचून आणि समजणाऱ्या साक्षीदारावाचूनही टिकते. ती टिकते, कारण तिचा उपयोग करणाऱ्या प्रत्येकाला, फसवणाऱ्यालासुद्धा, ती टिकण्याची गरज असते. आणि वचन हे बेताच्या निवेदनाहून निराळे आहे. बेताशी जुळणारी वाक्ये निर्माण करणे म्हणजे शब्द देणे नव्हे.

ह्या अभ्यासाची सामग्री आजवर मुख्यतः इंग्रजीतील आहे. मराठीच्या अभ्यासकांना येथे एक मोकळे क्षेत्र आहे. ‘शब्द देणे’, ‘वचन देणे’, ‘कबूल करणे’, ‘हमी देणे’, ‘आश्वासन देणे’, ‘भाक देणे’ ह्या क्रियांनी बांधले जाण्याच्या निरनिराळ्या पायऱ्या सूचित होतात. शिवाय ‘मी येतो’, ‘मी येईन’ आणि ‘मी येणार’ ह्या तीन रूपांपैकी ऐकणारा कोणत्या रूपाला बांधिलकी मानतो, हा प्रश्न काळ व अर्थ ह्यांच्या रूढ प्रकरणांत पुरेसा सुटत नाही. पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी सात-सात जणांचे काही डाव मराठीतून खेळून, निरोपांचा संग्रह सर्वांच्या संमतीने जतन केला आणि २०२० च्या संशोधनाच्या धर्तीवर प्रत्येक निरोपामागील हेतू नोंदवला, तर ह्या प्रश्नांची तपासणी करण्यास पुरेशी सामग्री हाती येईल. रशिया आणि तुर्कस्तान ह्यांनी काळ्या समुद्राविषयी मराठीत केलेला ठराव ‘येतो’ ह्या रूपात अधिक टिकतो की ‘येईन’ ह्या रूपात, हे अशा संग्रहावरूनच कळू शकेल.